वकीलसाहेबांच्या काठीची मूठ

माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढं बापानं हातात आरी दिली आणि म्हणाला, आता हिनंच लिही. त्यामुळे कातड्यावर माझा हात बरा चालतो, कागदावर अडखळतो. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून कागदाशी बोलतो. मुलगा आहे, सून आहे. पण त्यांच्याशी बोलायला गेलं की ते तब्येत विचारतात.

आमचा धंदा जीन, लगाम, टांग्याचं सामान. नंदुरबारच्या टेसनावर जेवढे टांगे उभे असत, त्यातल्या निम्म्या घोड्यांच्या अंगावर माझी शिलाई असे. मग सर्व्हिसच्या मोटारी आल्या. मोटारीला लगाम लागत नाही. दोन वर्षांत दुकानात गिऱ्हाइकं यायची थांबली आणि ब्राह्मणपुरीहून सासरे यायला लागले.

सासरे मूळचे आमच्याच धंद्यातले, पण वेळीच आरी टाकून शेती धरलेले. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, कपाशी शे, दादर शे, हात कमी पडतस. चला गावले."

"मामा, बैलामागंच चालायचं तर तुमच्याच बैलामागं कशाला?"

"मन्हा बैल गरीब शेतस. तुमना बोलनं आयकी लेतीन."

शेवटी त्यांनी मुदतच घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकीला न्यायला गाडी आणणार. तोवर दुकानाला काम लागलं तर ठीक, नाहीतर त्याच गाडीत मीही बसायचं. घरजावई व्हायचं माझ्या जिवावर आलं होतं. बायको काही बोलायची नाही. तिला माहेर किती प्यारं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही विचारलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वकीलसाहेब दुकानात आले. हातात लांब, गुळगुळीत काठी. कचेरीजवळच्या कौलारू खोलीत अंमलदार-वकिलांचा क्लब होता आणि तिथं बिलियर्डचं टेबल होतं. हिरव्या बनातीचं, दोन खाटांएवढं. त्यावर तीन गोळ्या, आणि चांगली शिकलेली माणसं काठीनं एक गोळी दुसरीवर ढकलायला दिवेलागणीपर्यंत कमरेत वाकून उभी. आमच्याकडे एवढं वाकलं तर निदान निंदणी तरी होते.

वकीलसाहेबांचं दुखणं म्हणजे तळहाताचा घाम. कोर्टात जज्जापुढं कोरडे असत, काठी हातात आली की पाझर फुटायचा.

"घोड्याच्या चाबकाला मूठ करतोस, तशी हिला करशील?"

"करीन की. चाबकामागं घोडा तरी असतो, लाथ मारणारा. हिच्यामागं कोण?"

"मी आहे," ते म्हणाले. "गेल्या खेपेला धुळ्याचे वकील खेळायला आले, तेव्हा काठी सटकली आणि गोळी उडून मामलेदारांच्या पायावर पडली. अजून लंगडतात. यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी धुळेकर परत येताहेत. मूठ जमली तर क्लबातलं मार्करचं काम तुला. आमचा मार्कर सुरतेला निघून गेला."

मार्कर म्हणजे टेबल झाडायचं, गोळ्या पुसायच्या, गुण मांडायचे, काठ्या नीट राखायच्या. बारमाही काम. मी काठी ठेवून घेतली.

मला वाटलं, मूठ म्हटली की चामडं. शेळीचं पातळ कातडं काढलं, भिजवलं, ताणून शिवलं. शिलाई अशी की नखाला लागू नये. वकीलसाहेब खूश होऊन घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. घाम चामड्यावर तसाच राहायचा, काठी माशासारखी निसटायची. शिवाय क्लबातले एक रुईवाले शेटजी म्हणे कातडं बघून हात झटकून उभे राहिले. काठीच्या टोकाला जी टिकली असते तीही चामड्याचीच. पण शेटजी दोन वर्षं त्याच टिकलीनं खेळत होते, मी कशाला त्यांचा धर्म बुडवू?

मग रेशमी गोफ गुंडाळून बघितला. दिसायला नवरदेव, धरायला तेलकट. अंबाडीची बारीक सुतळी लावली, तेव्हा सटकणं थांबलं, पण वकीलसाहेबांनी तळवा उघडून दाखवला. लालेलाल.

"अरे, काठी धरायची आहे मला. विहिरीचा दोर ओढायचा नाही."

आखाजी आठ दिवसांवर आली. मी पुन्हा चामडंच काढलं, या वेळी उलट्या बाजूनं लावायला. बायको जात्यावर बसली होती. जातं थांबवून म्हणाली, "एक इचारू का? घाम आडावना शे का जिरवना शे?"

"जिरवायचा."

"मंग चामडं कवय घाम पेस?"

चामडं घाम पीत नाही हे खरं, पण मी फटकळ माणूस. म्हणालो, "माझ्या धंद्यातलं मला शिकवू नको. पीठ बघ."

तिनं पीठ बघितलं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून तळातून काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. गोफण. लोकांच्या पोरी पेटीत लुगडी आणतात, हिनं माहेरून गोफण आणली होती. लहानपणी बापाच्या दादर ज्वारीत माळ्यावर बसून पाखरं उडवायची, तेव्हाची. स्वतः विणलेली, घरच्या सुताची.

"हात वल्ला करा," ती म्हणाली. "आते धरा. सोडू नका."

तिनं दुसरं टोक धरून ओढायला सुरुवात केली. मी धरून. ती पाय रोवून ओढतेय, मी दात खाऊन धरलंय. शेजारीण ताक मागायला आली होती, दारातून बघून तशीच परत गेली. गोफण माझ्या ओल्या हातातून तसूभर सरकली नाही, आणि हात सोलला नाही.

"दिनभर फिरावूत आम्ही," ती धापा टाकत म्हणाली. "उन्हात. एकदाबी सुटनी नही."

मी म्हणालो, "वीण मग."

तीन दिवस ती सुताला पीळ देत होती आणि बारीक चपटी वेणी विणत होती. तोवर मी माझं काम धरलं. वेणी लाकडावर नुसती गुंडाळली तर तिचा काठ हाताला लागणार, म्हणून लाकूड वेणीच्या जाडीएवढं उतरवायला हवं होतं. विलायती काठी, आणि ती माझी नव्हे. चाकू लावायचा धीर होईना. काचेच्या तुकड्यानं केसाकेसानं खरवडत गेलो. बायकोनं काठी मांडीवर दाबून धरली होती आणि दोघांनी श्वासही जपून घेतला. मग वेणी पाणी मारून, ताणून गुंडाळली, सुकू दिली आणि गारगोटीनं घोटली. डोळे मिटून हात फिरवला, तर लाकूड कुठं संपलं ते कळेना.

सामन्याच्या दिवशी सासरे गाडी घेऊन आलेच. मी क्लबाच्या ओसरीवर उभा, ते माझ्या शेजारी. खिडकीतून सगळं दिसत होतं.

"ह्या काय करी ऱ्हायनात?" त्यांनी विचारलं.

"गोळीनं गोळी मारताहेत."

"कसाले?"

ते मला आजही सांगता येणार नाही.

वकीलसाहेब हरले. मामा शेजारी खाकरले, बैल जुंपायला निघाल्यासारखे. तेवढ्यात वकीलसाहेब ओसरीवर आले आणि तळवा माझ्यापुढं धरला. कोरडा.

"हरलो तो माझ्या डोळ्यांनी. मुठीनं इमान राखलं. सोमवारपासून ये."

सासऱ्यांनी पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "चला, गाडीमा एक मानूस कमी. बैलसले बरं." दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन गेले. पंधरा दिवस ती माहेरी झोके खेळली आणि मी हातानं भाकरी करपवल्या.

पुढं टेबलाची बनात दोनदा बदलली, तरी मी तिथंच होतो. एकदा म्हातारपणी तिला विचारलं, "खरं सांग, तुला त्या वेळी माहेरी जाऊन राहायचं नव्हतं?"

"व्हतं ना."

"मग गोफण कशाला काढलीस?"

"तुम्ही चामडं लावी ऱ्हायनात ते माले देखावे ना," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

काठीला लावून वेणी हातभर उरली होती. तिनं ती जात्याच्या खुंट्याला गुंडाळली, हाताला फोड येतात म्हणून. आता पीठ इंजिनाच्या चक्कीवरून येतं. सून म्हणते, जातं कोपऱ्यातून हलवू या, आणि खुंट्याची ती काळी चिंधी तरी काढून टाका. मी सांगितलं, जातं हलव, चिंधीला हात लावू नको. परवा कुणी नसताना खुंटा धरून बघितला. उन्हाळ्याचे दिवस, हाताला घाम होता. सटकला नाही. मग बसल्यासारखा पसाभर ज्वारी दळली. जाडीभरडी झाली. सुनेनं भाकरी केली आणि खाताना कुणी तब्येत विचारली नाही.