आतोबा आणि पातळ दूध

पातळ पदार्थांशी जन्मभर वैर धरलेला माणूस सबंध नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. काष्टीला आतोबांची शेती होती, गोठ्यात दुभती जनावरं होती, पण माणसाची पारख ते त्याच्या घरच्या आमटीवरून करत. ताट जरा कलतं करायचं. आमटी पळाली की ते घर बाद. एका लग्नात बासुंदीचा रंग बघून त्यांनी भर पंगतीत वाढप्याला विचारलं, "ह्ये वाढताय का ताट धुताय?" लग्न माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं. दुष्काळात घरोघरच्या आमट्या पातळ झाल्या, तेव्हा पावसाने आपला जाणूनबुजून अपमान केलाय असं त्यांचं ठाम मत झालं.

त्याच दुष्काळात केडगावला आम्हाला मुलगी झाली. दूध पाजायला घेतलं की तिला ठसका लागे, ओठ निळे पडत आणि आमचा जीव टांगणीला लागे. पोर अंगही धरेना. भेटायला आलेल्या आतोबांना बरोबर घेऊन आम्ही नगरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हिला अजून नीट गिळता येत नाही, पातळ दूध श्वासनळीत जातंय. तूर्त दुधात जराशी तांदळाची पिठी शिजवून ते थोडं घट्ट करा आणि निवल्यावर, तिला उभं धरून चमच्याने पाजा. चमच्यातून थेंब सावकाश पडला पाहिजे, पण पडला पाहिजे.

यातलं 'घट्ट' तेवढं आतोबांनी उचललं. बाहेर येताच म्हणाले, "म्या जलमभर काय सांगत हुतो? पर ऐकतंय कोन!"

घरी आल्या आल्या त्यांनी माझ्या बायकोला स्टोव्हपुढून उठवलं आणि स्वतः बसले. बराच वेळ घोटून पातेलं पुढे केलं आणि आनंदाने ओरडले, "बघा, चमचा हुबा ऱ्हायला!"

तोवर त्यांच्यासमोर मान वर न केलेल्या माझ्या बायकोने पातेलं उपडं धरलं. काही पडलं नाही. "आतोबा, हे पोरीला पाजायचंय, भिंतीला कागद डकवायचे नाहीत," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. पाळण्यात पोर भुकेने कळवळत होती.

आतोबांनी ते पातेलं तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. मग त्यांनी दुसरं पातेलं चढवलं, पिठी चिमटीने घातली आणि वरून स्वतःच्या हाताने दूध ओतत राहिले, तोंड दुसरीकडे करून. दूध निवल्यावर चमचा वर धरला. "आला... आला... पडला!" पोरीने घोट गिळला. ठसका नाही. पटक्याच्या शेवाने डोळे पुसत ते म्हणाले, "सूनबाई, आजून वाईच पातळ करू का?"

नंतर काही महिने शेती गड्यावर टाकून ते आमच्याकडेच राहिले. जरा जास्त पिठी पडली, तर आता तेच खेकसत. पुढे डॉक्टरांनी साधं दूध द्यायला सांगितलं, तेव्हा मात्र आतोबा दाराबाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. पोर ठसका न लागता दूध प्यायली. आत येऊन त्यांनी पिशवी भरली. "आता माजं काय काम हाय हितं?" म्हणाले आणि एसटीला निघून गेले.

ती पोर मोठी होऊन चहा करू लागली, तो अगदी पांढरंफटक पाणी. मी नाक मुरडायचो. आतोबा मात्र बशीत ओतून फुरके मारत आणि पुन्हा कप पुढे करत. आता ते नाहीत. ती माहेरी आली की अजून तसाच चहा करते, आणि मी दुसरा कप मागून घेतो.