मालुबाईची मूठ

अनगोळात मालुबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गोठ्यात म्हशी, घरोघरी दुधाचा रतीब आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांविषयी एकेक ठाम मत, असा तिचा संसार. नवरा भरमू तिच्या लेखी नंदीबैल. मुलगा ओमकार बँकेत लागल्यापासून इस्त्रीतला शहाणा. शेजारणी तर तिच्या हिशेबात धरण्याच्याही लायकीच्या नव्हत्या.

अशा मालुबाईचा उजवा हात कडबाकुट्टीनं खाल्ला. पेंढी आत सरकवताना कडब्याचं एक ताट बांगडीत अडकलं आणि ताटाबरोबर हातही आत ओढला गेला. भरमू बटणापर्यंत पोचला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दवाखान्यात कोपराखालचं थोटूक तेवढं राहिलं.

जखम भरली. टाके निघाले. आणि मग नसलेला हात दुखायला लागला.

मूठ घट्ट आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली, अंगठा तापल्या तव्याला चिकटल्यासारखा. सोडावी म्हटलं तर मूठच जाग्यावर नाही. मालुबाई दिवसभर थोटूक मांडीवर दाबून बसायची.

"हातच न्हाय, तर दुखतंय काय गं वैनी?" भरमूच्या चुलतभावानं, शामूनं एकदा हसत विचारलं.

"तुला डोस्कं न्हाय, तरी बोलतोस न्हवं? तसंच ते," मालुबाई म्हणाली.

पण बोलून दुखणं कमी होत नव्हतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं. मालुबाईला त्याची कीवच आली. एवढी वर्षं शिकून गड्याला सापडलं काय, तर तिचं मन!

शामूच्या अंगात यायचं. अमावास्येला त्यानं घुमून निदान केलं, तुटलेला हात भरमूनं मूठ मिटलेलीच पुरली, म्हणून ती आवळतीया. उकरून बोटं सरळ करायची, की झालं. भरमूला ते लगेच पटलं. त्याला काय, काहीही पटायचं.

दोघं फावडी घेऊन शेताकडं निघाले. मालुबाई मागोमाग गेली आणि बांधावर जाऊन बसली. हात नेमका कुठं पुरला, ते भरमूला आठवेना. इथं उकर, तिथं उकर, निम्मा बांध उसकटला. शेवटी एक हाड लागलं. शामूनं त्याला हळद वाहिली, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला.

मालुबाईनं वाकून बघितलं. "बोकडाचं नळीचं हाड हाय ते. जत्रंला तूच चोखून टाकलं असशील. ठेव आता जपून."

ती तरातरा घराकडं निघाली. वाटेत मात्र अंगठ्यात अशी आग उठली, की ती रस्त्याकडेला धुळीतच बसली. मागून आलेला भरमू फावडं घेऊन नुसता उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मालुबाईला ते बघवेना. "जा की पुढं! म्हशी काय तुझा बाप पिळणार हाय?" ती ओरडली.

त्यानंतर ओमकारनंच कुठून तरी काढलं, की शहरातल्या एका दवाखान्यात असल्या दुखण्यावर काम्प्युटरचा खेळ खेळवतात. मालुबाई तोंड वाकडं करून मोटारसायकलवर बसली. आईच्या जाचातून सुटायला पोरानं काढलेली ही नवी युक्ती असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिथं समता नावाची फिजिओथेरपिस्ट होती. निपाणीची. आजी तंबाखूच्या वखारीत राबलेली, नात कोट घालून बसलेली. मालुबाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणाच्यातली गं तू?"

"बौद्ध हाय आम्ही. हात इकडं करा." समतानं मान वर केली नाही. असल्या प्रश्नांना ती उत्तर द्यायची, किंमत द्यायची नाही.

मालुबाईच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. पण तोवर त्या पोरीनं थोटूक दोन्ही हातांत घेतलं होतं. घरात कुणी त्याच्याकडं धड बघतही नव्हतं.

समतानं थोटकावर चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या. समोरच्या पडद्यावर मालुबाई आरशात दिसावी तशी दिसायला लागली, आणि थोटकाच्या पुढं एक राखाडी हात उगवला.

"ह्यो काय रबराचा?"

"मूठ सोडा."

"कंची मूठ? न्हाय ती!"

"दुखती ती," समता म्हणाली.

मालुबाई चपापली. इतक्या दिवसांत त्या मुठीला खरी धरून बोलणारं हे पहिलंच माणूस. तिनं दात आवळून जोर लावला. पडद्यावरची बोटं थरथरली आणि अर्धवट उघडली. समतानं समजावलं, "मूठ वळवणारे स्नायू वर कोपराजवळ हाईत. हात गेला तरी ते मेले न्हाईत. त्यांची हालचाल ह्या पट्ट्यांना कळती."

मग गाडीचा खेळ आला. मनगट उजवीकडं वळवलं की पडद्यावरची मोटार उजवीकडं, डावीकडं वळवलं की डावीकडं. मालुबाईची मोटार भिंतीवर आपटली. परत आपटली. "बिनडोक गाडी!" ती म्हणाली.

"गाडी न्हाय, मनगट चुकतंय," समता म्हणाली.

एवढं ऐकून घ्यायची मालुबाईला सवय नव्हती. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, ती निव्वळ या पोरीचं तोंड बंद करायला. मग येतच राहिली. एकदा परत जाताना ओमकारच्या मागं बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की नखं रुतत नाहीत. बोटं सैल पडली होती. तिनं ओमकारला काही सांगितलं नाही. सगळी वाट तोंडाला पदर लावून बसली.

दुखणं पुरतं गेलं नाही. थंडीत अंगठा अजून पेटायचा. पण रात्रीची झोप लागायला लागली, तसं डाव्या हातानं दूध काढायचंही तिनं मनावर घेतलं.

दवाखान्याची जाहिरात करायला तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला शाल दिली, कॅमेऱ्यापुढं उभं केलं. "सांगा मालुबाई, मन खंबीर केलंत म्हणून बरं झालं ना?"

"मन पैल्यापास्नं खंबीरच हाय," मालुबाई म्हणाली. "हात दुखत हुता. त्या पोरीनं बरा केला. ती कुठं हाय? तिला का न्हाय बोलावलं?"

डॉक्टरांनी खूण केली आणि कॅमेरा बंद झाला. मालुबाईनं शाल तिथल्याच खुर्चीवर ठेवली आणि समताच्या खोलीकडं निघाली. तिची आजची गाडीच्या खेळाची पाळी अजून व्हायची होती.