गोळीभोवतीची चिंधी

लग्न होऊन भोपाळच्या टाउनशिपमध्ये आले तेव्हा मी इतकी शहाणी होते, की नेमबाजीच्या स्पर्धेत शेजारच्या बाईंच्या जाड्याभरड्या चिंध्या काढून त्यांच्या पेटीत मऊ मलमल ठेवली.

बाईंची ठासणीची रायफल वडिलांची. गोळी चिंधीत गुंडाळून नळीत ठासायची. चिंधी पातळ पडली, की गोळी भरकटते. कुणाकडेही गेल्या तरी बाई आधी पडद्यांच्या कापडाची जाडी चिमटीत धरून बघत, ते उगाच नव्हे.

दोन नेम चुकले. एकच गोळी उरली. क्लबातले एक साहेब म्हणाले, "भाभीजी, अब रहने दीजिए."

बाईंनी मलमल चोळली, माझ्याकडे पाहिलं, मग माझा जाडसर सुती पदर चोळला आणि त्याचा कोपरा टर्रकन फाडला.

गोळी बरोब्बर मधोमध.

परतताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हीच साडी नेसून ये गं. पदर अजून पुष्कळ शिल्लक आहे."