सुवार्ताचा डावा पाय

सोनल, ये गं, अशी जवळ सरक. तू समोर नाहीस हे मला माहीत आहे, पण वाचताना आत्याच्या शेजारी बसल्यासारखी बस. आधी थोडं रागावून घेते. परवा पाहुण्यांसमोर तू म्हणालीस, "आमची आत्या शाळेत खेळाच्या बाई होती, म्हणजे तसं टेन्शनचं काम नव्हतं." वा गं वा! तुझी बँक तेवढी टेन्शनची, आणि आम्ही काय सावलीत उभ्या राहून शिट्ट्या फुंकल्या? तेव्हा चारचौघांत बोलले नाही. आता बोलते. सुवार्ताची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण ती सांगताना मला अजून लाज वाटते.

तर पाळकसाहेब चर्चचं जुनं रजिस्टर उघडून माझ्यासमोर बसले होते. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. तुला ठाऊक आहे, पण हे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहिते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट, पावसाळा नुकता संपलेला. दृढीकरणाला बसणाऱ्या मुलांची यादी चालली होती. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेलं मूल मोठं झालं की मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं, तेच दृढीकरण. संडे स्कूल माझ्याकडे असायचं, म्हणून नावं ताडून पाहायला मला बोलावलेलं.

"बाई, तुमच्या शाळेने चमत्कार केलाय," पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले.

"कसला?"

"तुमच्या यादीत सुवार्ताची जन्मतारीख एक जून. आणि इथे तिचा बाप्तिस्मा लिहिलाय त्याच्या आधीच्या नाताळात. पोरगी जन्माला यायच्या आधीच ख्रिस्ती झाली की!"

ते पोट धरून हसले. मी मात्र रजिस्टर माझ्याकडे वळवलं. रजिस्टरात जन्माच्या रकान्यात ऑगस्ट होता, आदल्या सालचा. म्हणजे पोरगी शाळेच्या कागदापेक्षा दहा महिन्यांनी मोठी.

एवढं काय त्यात, म्हणशील. ऐक.

कल्याणच्या आमच्या मिशनच्या शाळेत मी खेळ शिकवायचे. खेळाची पदवी वगैरे माझ्याकडे काही नाही. डी.एड. करून मराठी शिकवायला लागले, आणि खेळाचे सर सोडून गेले तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही स्टाफमध्ये सगळ्यात जोरात चालता, तुम्हीच घ्या." नियमांचं पुस्तक आणलं आणि पाठ केलं. मुलींना खो-खो शिकवता शिकवता मीच शिकले.

खो-खोत आठ जणी एका रांगेत, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, अशा बसतात. नववी पाठलाग करते. तिने मागून "खो" दिल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. आधी उठलीस तर फाउल. आमच्या सरावात एक रीत होती. आपला फाउल आपण सांगायचा. बाईंनी पाहिला नसला तरी हात वर करायचा. मॅचच्या आधी आम्ही गोल उभ्या राहून मिनिटभर प्रार्थना करायचो. "आम्हाला जिंकव" म्हणायला बंदी. समोरच्या मुलींना लागू नये, एवढंच मागायचं. टीममध्ये निम्म्याहून जास्त मुली हिंदू. खाडीकडच्या कोळीवाड्यातली मंदा आमची कॅप्टन, ती आमेननंतर हळूच एकवीरा आईलाही सांगून ठेवायची. मी ऐकलंच नाही असं दाखवायचे.

आणि सुवार्ता. विठ्ठलवाडीला एका खोलीत आई आणि ही. वडील लहानपणीच गेलेले, आई दवाखान्यात आया. पोरगी बोटाएवढी, पण पळायला लागली की बसलेल्या मुलींच्या रांगेतून दोरा ओवल्यासारखी जायची. हात लावणारीला वाटायचं सापडली, तोवर ही पलीकडे. त्याच आठवड्यात तिच्या जोरावर आम्ही डोंबिवलीच्या एका शाळेला हरवून तालुक्यात पहिल्या आलो होतो. पुढच्या शनिवारी ठाण्याला जिल्ह्याची मॅच. तिथे निवड करणारे लोक येणार होते. शाळेत, विठ्ठलवाडीत, चर्चमध्ये, सगळ्यांनी तिची निवड धरूनच ठेवली होती.

आणि स्पर्धा होती चौदा वर्षांखालच्या मुलींची. कागदावर सुवार्ता तेराची. खरी मात्र चौदा पूर्ण होऊन वर दोन-अडीच महिने.

ती एक जून लिहिली कुणी? मी. त्या वेळी पुष्कळांकडे जन्माचा दाखला नसायचा. मग आम्ही मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचो. हात पोचला तर सहा वर्षांचं, नाही पोचला तर लहान. तारीख सगळ्यांना एकच, एक जून. सुवार्ताचे हात आखूड. कान काही सापडेना. तिची आई म्हणत होती, "बाई, श्रावणातली आहे, सहावं भरत आलंय." मागे रांग लागलेली. मी म्हटलं, "अहो, पाचचीच दिसते," आणि लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले.

"कागद काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"कागद मीच लिहिलाय, बाई."

"चर्चचं रजिस्टर स्पर्धेवाले मागतात का?"

"नाही."

"मग?"

त्या वाईट नव्हत्या गं. बारा मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलं होतं, ते त्यांना मोडायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पण तिला खेळवायलाही मन घेईना. म्हणून मी मधला रस्ता काढला. सुवार्ताला ठाण्याला न्यायचं नाही, दुखापत झाली म्हणायचं. तालुक्याची जिंकलेली मॅच तशीच राहील, बाकीच्या मुली ठाण्याला खेळतील. मला वाटलं, केवढी शहाणी मी!

शुक्रवारी सराव संपल्यावर तिला बाजूला घेतलं. वयाचं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हटलं, "कुणाला सांगू नकोस. पाय मुरगळला म्हणायचं."

तिने वर पाहिलं. डोळे भरलेले, पण प्रश्न अगदी सरळ.

"कुठला पाय, बाई?"

आणि मी काय बोलले असेन? "डावा," म्हटलं.

रविवारी उपासनेला ती आली ती डावा पाय ओढत. घोट्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी, पट्टीखाली आंबेहळदीचा लेप. आईच्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी चढली. आईलाही सांगितलं नव्हतं तिने. कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं ना बाईंनी! दोन दिवस ती माउली दवाखान्यातून उभ्या उभ्या दमून आली की लेकीचा धडधाकट पाय मांडीवर घेऊन शेकत होती.

प्रवचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या सुवार्ताच्या पायाला लागलंय. शनिवारी तिची मॅच आहे. ये बेटा, पुढे ये. मंडळी, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

ती लंगडत पुढे गेली. सगळी मंडळी उभी राहिली. ज्यांना गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं ते म्हातारेसुद्धा बाकाला धरून उठले. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या पायासाठी इतकं मनापासून मागितलं, इतकं मनापासून, की मला माझं तोंड कुठे लपवू असं झालं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे. आणि सुवार्ताने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती गं त्या नजरेत. तिला विचारायचं होतं, बाई, अजून लंगडू ना?

मला आमेन म्हणता आलं नाही.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना दारातच गाठलं. "त्या पायाला काही झालेलं नाही," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "प्रार्थना वाया जात नसते, बाई. कुणाच्या तरी नावावर लागतेच. आधी तिच्या आईला सांगा."

आई पायऱ्यांवर लेकीची पट्टी घट्ट करत होती. मी सांगितलं तशी ती आधी पट्टी सोडायला लागली. सगळी सोडली, लेप पुसला, घोटा इकडून तिकडून वळवून पाहिला. "दुखत नाही?" सुवार्ता म्हणाली, "नाही." तेव्हा तिने लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला, तिला पोटाशी धरलं आणि हसतच रडायला लागली. "पाय चांगला आहे गं माझ्या लेकीचा!" मॅचबिच नंतर. मग माझ्याकडे वळली, आवाज न चढवता म्हणाली, "श्रावणातली आहे, हे मी तेव्हाच सांगितलेलं तुम्हाला."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

सोमवारी मोठ्या बाईंना म्हटलं, "मी ठाण्याला जाऊन लिहून देते. चूक माझ्या नावावर टाका."

"तालुक्याची मॅच जाईल."

"जाईल."

त्यांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. "मुलींना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

ठाण्याच्या कचेरीतला क्लार्क माझा अर्ज दोनदा वाचून म्हणाला, "मॅडम, लोक दुसऱ्या शाळेची तक्रार घेऊन येतात. स्वतःच्याच शाळेची? यासाठी फॉर्म नाही आमच्याकडे."

"कोऱ्या कागदावर देते."

"नीट विचार केलाय ना? एकदा शिक्का मारला की परत नाही मिळणार."

"मारा."

दोन दिवसांत निकाल आला. आमचा विजय रद्द झाला, डोंबिवलीची शाळा ठाण्याला गेली.

मैदानावर मुलींना गोल बसवलं. निकाल सांगितला. सगळ्यांत आधी मंदा उसळली. "आमी जिकलेलो ना, बाई? मंग? दोन महिन्यांसाठी? ती काय आमच्याहून उंच हाय का? माझ्या खांद्याला लागते ती!"

सुवार्ता उठली. "माझ्यामुळे झालं," एवढं म्हणाली आणि हात वर केला. आपला फाउल सांगताना करायचो ना, तसा.

"खाली घे तो हात," मी म्हटलं. "फाउल माझा आहे." आणि मी माझा हात वर केला. मग ती कानाची गोष्ट सांगितली. मग एकीने गुपचूप डोक्यावरून हात नेऊन आपला कान चाचपला. मग दुसरीने. बघता बघता बाराच्या बारा जणी कान धरून बसलेल्या, नाकं लाल, डोळ्यांतून पाणी, आणि मंदा म्हणते, "सुवार्ते, आता तरी पोचतोय का गं तुझा?" पोचत होता. जेमतेम. सगळ्या खदाखदा हसल्या. पण मंदा माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी सोळा वर्षांखालची टीम उभी केली. आमच्या शाळेत ती कधीच नव्हती, कारण नववी-दहावीच्या पोरींना मैदानावर कोण पाठवतो? मी घरोघर गेले. कोळीवाड्यात गेले, टिटवाळ्याला गेले. "दहावीच्या वर्षी खेळ? बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" हे मी दारादारांत उभी राहून ऐकलं. सगळ्यांत आधी सही कुणी दिली असेल? सुवार्ताच्या आईने. फॉर्मवर खरी तारीख लिहिली का, हे मात्र तिने माझ्यासमोर बोट ठेवून वाचलं.

आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. एका गुणाने. सुवार्ताची जिल्ह्यात निवड झाली नाही, ना त्या वर्षी, ना पुढे कधी. पुढे ती नर्स झाली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, पेशंटला घाबरवायचं नाही म्हणून डॉक्टर कधी कधी सांगतात, असं बोला, तसं बोला. मी म्हणते, ते तुम्हीच बोला."

लोक म्हणतात, खेळाने मुलांवर संस्कार होतात. होत असतील. पस्तीस वर्षं शिट्टी गळ्यात घालून मला एवढंच कळलं, की आपलं खोटं मुलाच्या हाती कधी देऊ नये. ते मूल आपल्यापेक्षा फार मन लावून निभावतं.

झालं माझं रागावून. आता राग धरून बसू नकोस. गुडघ्यांमुळे मला जिना उतरवत नाही, नाहीतर मीच आले असते. येत्या रविवारी उपासना सुटली की दुपारी जेवायलाच ये. तुला आवडतं तसं सुक्या मासळीचं कालवण करून ठेवते. ये गं, उशीर करू नकोस.