अक्षरं सुलटी केली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — ती गेली तेव्हा उशाशी बसून होते, जिभेवर आलं होतं, गिळलं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

म्हैसूरला अग्रहार भागातल्या एका ऑफिसात मी नकाशे काढते. कॅडवर. आमचं घराणं एकेकाळी कापड रंगवणारं; घरात मराठी, तीही अर्धी कन्नड. ऑफिसात मला काम शिकवलं ते नागराजण्णांनी. ते मोजणीदार. जागेवर जाऊन मापं आणायचे, मी ती संगणकावर उतरवायची. त्यांना दोन मुलगे, मुलगी नव्हती. मला ‘मगळे’ म्हणायचे, म्हणजे लेकी.

कडकोळच्या एका कारखान्याचं काम आलं. शेडला लागून नवा पाया खणायचा होता, आणि जमिनीखालून विजेची जाड केबल गेलेली. ती नेमकी कुठून गेली, हे एका जुन्या नकाशातच होतं. तो कागद स्कॅन करून आमच्या मोजणीवर बसवायचा आणि केबलवरून रेघ ओढायची. अवघड काय त्यात? फक्त जुन्या नकाशात उत्तर दिशा खाली धरलेली होती, आमच्या मोजणीत वर. चित्र अर्धा फेरा फिरवायला हवं होतं.

अण्णा माझ्या खुर्चीमागं उभे होते. म्हणाले, “अक्षरं उलटी दिसतील, मगळे. दिसू देत. तू उत्तर बघ, अक्षरं बघू नको.”

मी फिरवलं. बरोबर फिरवलं — हे खरं आहे, पण त्याला आता काय अर्थ? केबल किती खोल आहे, ते कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते वाचता येईना. मान वाकडी करून कंटाळले. म्हणून चित्र पुन्हा सुलटं केलं, वाचण्यापुरतं. आणि तसंच ठेवून रेघ ओढली. शेड लांबट, दोन्हीकडून सारखी; कसंही फिरवा, भिंतीवर भिंत बसते. काही खटकलं नाही. मग रेघेखालचं जुनं चित्र काढून टाकलं, फाइल हलकी व्हावी म्हणून, आणि पाठवून दिली. केबल होती शेडच्या उत्तरेला. माझ्या नकाशात ती दक्षिणेला गेली.

म्हणून कारखानेवाल्यांनी पायासाठी उत्तरेची बाजू धरली.

खड्ड्यात पहार घेऊन महादेव नावाचा माणूस होता. नंजनगुडकडचा, कंत्राटदाराच्या टोळीतला. जगला तो. उजवा हात कोपराच्या वरून कापावा लागला. डाव्याची बोटं वळत नाहीत.

फोन आला तेव्हा मी डबा उघडत होते. ऐकलं आणि कळलं — लगेच. तरी फाइल उघडली, जुनं चित्र परत आत घेतलं, फिरवलं. केबल शेडच्या एका अंगाला, माझी रेघ दुसऱ्या. चित्र पुन्हा काढून टाकलं आणि हात धुवून आले. का धुतले, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मला विचारलं, “चित्र कसं बसवायचं, हे तुला कोणी सांगितलं?”

“अण्णांनी.”

इथपर्यंत खरं होतं. इथं थांबता आलं असतं ना?

“काय सांगितलं?”

“अक्षरं सुलटी ठेव म्हणाले.”

एवढंच. एकच वाक्य. कुणी धमकावलं नव्हतं, घरी काही अडलं नव्हतं. मी भ्याले आणि बोलले.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी कदाचित — नाही, तेही खरं नाही. ते आठवून बघत होते. डोळे बारीक करून, प्रामाणिकपणे आठवून बघत होते. मग हळूच म्हणाले, “म्हणालो असेन.”

त्यांनी काम सोडलं. मी तिथंच राहिले. काही दिवसांनी ते आमच्या घरी आले. कॉफी केली, ती तशीच निवली. म्हणाले, “तुझ्या हातून पाप करवलं मी. वय झालं वाटतं. मनावर घेऊ नको, मला क्षमा कर.”

आणि मी काय केलं? म्हणाले, “असू दे, अण्णा.”

मी त्यांना माफ केलं.

ते महादेवला भेटायला जात राहिले, बस पकडून, फळं घेऊन. मी त्या माणसाचं तोंड आजवर पाहिलेलं नाही. मोजणीची कामं चालून आली, ‘माझा आता भरवसा नाही’ म्हणत अण्णांनी एकही घेतलं नाही. पुढं घरातही तसंच व्हायला लागलं. गॅस बंद केला का, म्हणून पुन्हा उठायचे. कुलूप लावून अर्ध्या वाटेवरून परतायचे. एकदा त्यांच्या बायकोनं फुलांच्या बाजारात मला गाठलं. बाजूला नेऊन विचारलं, “हे फार विसरतात का ग? तुला ऑफिसात कधी जाणवलं होतं?”

तिथंही सांगता आलं असतं. बाजारात, चार लोकांत, हातात मोगरा धरून.

“थोडं, अक्का,” मी म्हणाले.

त्यानंतर थोरल्या मुलानं त्यांची स्कूटर काढून घेतली. डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, स्मरण अगदी चांगलं आहे, काही झालेलं नाही. अक्कांनीच मला हे सांगितलं. म्हणाल्या, पण हे ऐकायलाच तयार नाहीत. म्हणतात, डॉक्टरांना काय ठाऊक, त्या पोरीला मी उलटं सांगितलं होतं.

आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. दिवसभर ओसरीवर बसतात. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सकाळी त्या बाजूनं गेले तर दिसतात, हात वर करतात, मीही करते.

तुम्हाला सांगून झालं. त्यांना सांगितलेलं नाही.