गप्प बसायचा हक्क

शनिवार पेठेत माईकवर माझ्यासारखा बोलणारा माणूस तुम्हाला दुसरा सापडणार नाही. वकीलबाई म्हणायच्या, दुसरा सापडू नये म्हणूनच लोक देवाला नारळ फोडतात.

वकीलबाई म्हणजे ॲडव्होकेट शालिनी वाघमारे. माझं स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान खाली, त्यांचं ऑफिस बरोब्बर वर. मी चौथीत शाळा सोडली, असं मी सांगतो. शाळेचं म्हणणं वेगळं आहे. तेव्हापासून बारसं, लग्न, हळदीकुंकू, उद्घाटन, जिथं माईक तिथं मी. नवीन स्पीकर आला की दुकानातच जोरात लावून बघायचो. मग बाई जिन्यात यायच्या. बारीक चण, पांढरी साडी, चष्मा कपाळावर सरकवलेला. आवाज अजिबात न चढवता म्हणायच्या, "दिलीपराव, घटनेनं तुम्हाला बोलायचा हक्क दिलाय. मला ऐकायची शिक्षा दिलेली नाही." मी आवाज कमी करायचो. त्या वर पोचल्या की थोडा वाढवायचो. वरून खिडकी आपटल्याचं ऐकू यायचं.

हक्कबिक्क मला तेव्हा मोठ्या लोकांची भानगड वाटायची. समोरचा हसला की आपण सुटलो, एवढाच माझा कायदा. ट्रॅफिक हवालदार, घरमालक, सासरे, सगळ्यांना असाच गुंडाळत आलो होतो. सासरे जरा अवघड गेले.

मग आमच्या गल्लीतल्या रस्त्याचं उद्घाटन निघालं. रस्ता एकच, उद्घाटनं तीन झालेली. दरवेळी नारळ फुटायचा आणि पुढच्या आठवड्यात पाइपासाठी परत खोदाई. पुढारी यायला उशीर, उन्हात लोक कावलेले, आणि माईक माझ्या हातात. मी म्हणलं, "मंडळी, या रस्त्याचं बारसं झालं, जावळ झालं, मुंज झाली. आज लग्न लावून टाकू म्हणजे एकदाचा सासरी जाईल." गल्ली अशी हसली की मला वाटलं आता थांबलो तर पाप लागेल. थांबलो नाही. तेवढ्यात पुढारी आले. लोकांना जोर चढलेला, त्यांनी रस्त्यातच बसकण मारली. पुढारी नारळ न फोडता गेले. कुणीतरी माझा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. मी दिवसभर तोच बघत होतो, मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दुकानात आले आणि मला चौकीत घेऊन गेले. फोन काढून घेतला. साहेब टेबलापलीकडे, मी उभा. साहेबांना एकच गोष्ट पाहिजे होती. लोकांना भडकवायला मला कुणी सांगितलं? पेठेतली कोणकोण माणसं यात आहेत?

आता खरं उत्तर होतं, कुणीच नाही. पण खरं उत्तर द्यायची मला सवय नाही. म्हणलं, यांनाही हसवू. "साहेब, मला सगळं बायकोच शिकवते."

साहेब हसले नाहीत. बायकोचं नाव विचारलं. सुनंदा, मी सांगितलं. आत्ता कुठे असेल? मला वाटलं विनोद अजून चालू आहे. नारायण पेठेतल्या मेसमध्ये पोळ्या लाटत असेल, तेही सांगून टाकलं, वर मेसचा पत्ता. साहेबांनी मान न वळवता हवालदाराला सांगितलं, घेऊन ये तिला.

हवालदार खरंच निघाला. मी म्हणलं, अहो साहेब, गंमत केली. ते म्हणाले, आता आमची गंमत बघ. मग एक कागद पुढे आला. त्यात लिहिलं होतं की माझ्या बायकोनं आणि गल्लीतल्या लोकांनी मिळून हे ठरवलं होतं. खाली लोकांची नावं घालायला जागा सोडलेली. "नावं सांग, सही कर. बायको दारातूनच परत जाईल."

नारायण पेठ किती लांब? चालत माणूस जाऊन येतो. मला सुनंदा दिसायला लागली, मेसमधल्या सगळ्या पोरांसमोर हवालदाराबरोबर निघालेली. मी पेन उचललं.

तेवढ्यात वकीलबाई आत आल्या. शेजारच्या टेलरनं त्यांना सांगितलं होतं. साहेबांनी ओळखलं असावं, लगेच खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून एक लागेल." साहेबांना कळेना. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवटी एका पोलिसानं कोपऱ्यातलं स्टूल आणलं. मी बसलो, मग त्या बसल्या. ही त्यांची कायमची रीत होती. आपला माणूस उभा असेल तर बसायचं नाही, समोर न्यायाधीश सोडून कुणीही असो. पुढं एकदा मी कारण विचारलं होतं. त्या अकोल्याकडच्या. म्हणाल्या, "माझे आजोबा कचेरीत कधी बसले नाहीत. आतसुद्धा कुणी घेतलं नाही. अंगणात उभं राहून बोलायचे, आतून उत्तर आलं तर यायचं. म्हणून मी आधी बघते, उभं कोण आहे."

चौकीत त्यांनी साहेबांना शांतपणे विचारलं, यांना अटक केलीय का? साहेब म्हणाले, छे, नुसती चौकशी. मग हे निघतात, बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, निघता येणार नाही. "मग ही अटक झाली. कारण लेखी द्या, आणि चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभं करा. सोडताय की अटक करताय ते ठरवा, मी थांबते."

साहेबांनी बाईंना सोडून माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू बोल रे. कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिलीपराव, बोलायचा हक्क तुम्हाला कुणी शिकवायला नको. गप्प बसायचाही आहे. स्वतःला अडकवणारं बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. आज तो वापरा."

लोकहो, मी झोपेतसुद्धा बोलतो. साहेब परत विचारत होते, टेबलावर पेन आपटत होते, आणि माझ्या जिभेवर एकाहून एक उत्तरं तयार. हात पेनाकडे जायला लागला म्हणून दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो.

दारात सुनंदा आली. हातावर कणीक तशीच. माझ्याकडे बघितलं आणि ती तिथंच थांबली. साहेबांनी तिला दरडावून विचारलं, तू शिकवलंस याला? ती काहीतरी बोलणार, तर बाई उठल्याच. "सुनंदाबाई, उत्तर देऊ नका. खरं असलं तरी देऊ नका." आणि साहेबांना म्हणाल्या, "बाईमाणसाला चौकशीला चौकीत आणता येत नाही. काय विचारायचं ते घरी येऊन विचारा. मी तिथं हजर असेन."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. तो मला जास्त भयानक वाटला. कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाले, एक सही. लगेच दोघं घरी. नाहीतर कोर्टबिर्ट बघू, पण बायकोला इथंच थांबावं लागेल. मी सुनंदाकडे बघितलं. माझ्याच तोंडानं तिला इथं आणलं होतं. एका सहीनं ती सुटणार असेल तर गल्ली गेली खड्ड्यात, असं मनात आलं. गल्ली तशीही खड्ड्यातच होती.

बाईंनी ते ओळखलं. मला हळू आवाजात म्हणाल्या, "सही केलीत तर उद्या या दारात दुसऱ्या कुणाची तरी बायको उभी असेल. तुमच्या सहीमुळं." मग साहेबांकडे वळल्या, "पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे तुम्हालाही माहितीये, साहेब. घेताय तर घ्या. कुणी घेतली ते मी कोर्टात विचारीन."

माझे हात बधिर झाले होते, तरी काढले नाहीत. शेवटी साहेबांनी कागद ओढून घेतला, खणात टाकला. म्हणाले, जा, परत बोलावीन. बाई म्हणाल्या, लेखी बोलवा.

परत बोलावलं नाही. पण कितीतरी दिवस दुकानासमोर मोटरसायकल थांबली की माझा हात आपोआप माईक बंद करायचा. सुनंदा पोळ्या लाटताना दाराकडे तोंड करून बसायला लागली. माईक बंद झालेला वर बाईंना कळत असावा. एकदा जिन्यात येऊन म्हणाल्या, "दिलीपराव, फार शांतता आहे. काम होत नाहीये. लावा काहीतरी."

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्याआधी येरवड्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज पार बारीक झालेला. मी साहेबांची नक्कल करून दाखवली, हसता हसता त्यांना ठसका लागला. मग मनातलं विचारलंच. म्हणलं, बाई, मी ना शिकलेला, ना कुणी मोठा. त्या दिवशी एवढ्या साहेबापुढं माझ्यासाठी उभ्या राहिलात, माझ्यात असं काय दिसलं तुम्हाला? खरं सांगतो, मी स्तुतीची वाट बघत होतो.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट निरखून बघितलं.

"काही नाही दिसलं, दिलीपराव. हक्काला माणसात काही दिसावं लागत नाही. अकलेची अट असती तर तुम्ही अजून आत असता."