उशाशी बसणारी मिल्काताई

मिल्का झिराडकर या नावाशी सोलापूरची पहिल्यापासून झटापट. शाळेत बाईंनी हजेरी घेताना तिला ‘मालिका’ करून टाकलं, ती दहावीपर्यंत मालिकाच राहिली. आडनाव कोकणातलं, घरात बोलणं मराठी, आई नऊवारी नेसणारी. पण शुक्रवारी दिवस मावळताना घरात दिवे लागायचे आणि शनिवारी चूल पेटायची नाही.

“तुमी नेमके कोण की?” मैत्रिणी विचारायच्या.

“ज्यू.”

“म्हंजे ख्रिश्चनच की!” म्हणून त्या खेळायला पळायच्या.

वडील रेल्वेत गार्ड. त्यांच्या बदलीपायी कुटुंब इथं आलं आणि इथंच रुतलं. आसपास त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. पंचविशीत मिल्का थोरल्या भावाकडे, एज्राकडे, इस्राएलला गेली. तिथं तरी हा प्रश्न सुटेल असं तिला वाटलं होतं. पण ती कामाला लागली त्या कारखान्यातल्या बायका तिला नावाने हाकच मारायच्या नाहीत. ‘होदीत’ म्हणायच्या, म्हणजे हिंदुस्थानी! मिल्काला आधी राग आला, मग हसू आलं. तेवढ्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं आणि ती परत आली.

वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात होते. आई थकलेली, त्यामुळे रात्रंदिवस मिल्का एकटीच. शेजारच्या खाटेवर विड्या वळणाऱ्या नागम्माचा नवरा होता. तिसऱ्या दिवशी नागम्माने मिल्काकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “तिन्नावा?” मिल्काला तेलुगू येत नव्हतं, पण पुढे आलेला डबा कळला. “जेव. मग घरी जाऊन आंघोळ करून ये. दोन खाटा सांभाळायला एक बाई पुरती की.”

त्या दिवसापासून दोघी पाळीपाळीने बसू लागल्या. वडिलांची जीभ जड झाली होती, तरी एकदा नागम्माकडे बघत ते म्हणाले, “आजाऱ्याच्या उशाशी बसणं म्हणजे आपल्यात देवाची आज्ञा. हिला ती कुणी न सांगता कळली.”

वडील गेले. मिल्काला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर नोकरी लागली, पण दर रविवारी ती दवाखान्यात जायची. ज्याचं कुणी नाही त्याच्यापाशी बसायची, पाणी पाजायची, डॉक्टरांचं बोलणं सोपं करून सांगायची. नागम्मा आली, तिच्या गल्लीतल्या बायका आल्या, बघता बघता एक गटच झाला. इकडे मिल्काने पुण्याच्या सिनेगॉगात जाऊन प्रार्थनाही पक्क्या शिकून घेतल्या. लहानपणी नुसत्या ऐकलेल्या ओळींचा अर्थ तिला आता कळू लागला.

ती निवृत्त झाली आणि रविवारचं काम जवळपास रोजचं झालं. मग अक्कलकोटकडचा शिवपुत्र आपल्या आईला घेऊन आला. म्हातारीला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. मिल्काताई तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये तिच्याशी बोलायच्या, भरवायच्या, आणि ती झोपली की हलक्या आवाजात हिब्रू प्रार्थना म्हणायच्या. शिवपुत्राने ते ऐकलं आणि दवाखाना डोक्यावर घेतला. “ही बाई कानात काय पुटपुटती? आमास्नी बाटवायला बसलीया व्हय?”

गर्दी जमली. दवाखान्याचे विश्वस्त गुरुबसप्पा भले गृहस्थ, पण घाबरले. मिल्काताईंना आत बोलावून म्हणाले, “ताई, थोडं सांभाळून घ्या. प्रार्थना मनात म्हणा. कुणी विचारलं तर कोकणातली आहे एवढंच सांगा. खोटं तर नाही ना ते?”

“खोटं नाही, पण अर्धं आहे,” मिल्काताई म्हणाल्या. “गुरुबसप्पा, मी ज्यू आहे. आणि आमच्या धर्मात कुणी स्वतः होऊन येतो म्हणालं, तरी त्याला आधी परत पाठवतात. मी कुणाला काय बाटवणार? पण स्वतःचं नाव झाकून मला कुणाच्या उशाशी बसता येणार नाही.”

त्या घरी गेल्या. खूप वर्षांनी त्यांचा रविवार रिकामा गेला आणि त्या ढसाढसा रडल्या. फोनवर एज्रा म्हणाला, “तुला सांगत होतो. ये इकडे निघून.” “नाही येत,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

इकडे म्हातारीने तोंड मिटून घेतलं. मुलाने चमचा पुढे केला की मान वळवायची. “अक्का एल्ली?” एवढाच धोशा. अक्का कुठे? शेवटी शिवपुत्र चिडला, “आई, ती तुज्या कानात मंतर म्हणत होती!”

म्हातारी उठून बसली. “म्हणंना का! देवाचंच नाव घेत असंल की. तू इतके दिवस हितं हायस, मला जेवलीस का म्हणून विचारलंस?” तिने कन्नडमधून त्याला असं काही झापलं की वॉर्डातल्या तेलुगू बायकांनाही सगळं समजलं. मग नागम्मा त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “चल. घर मी दाखवते.”

शनिवार होता. मिल्काताईंनी दार उघडलं. शिवपुत्र उंबऱ्याबाहेरच थांबला. “ताई, चुकलं माजं. आई जेवंना. चला की.”

“आज आमचा विश्रांतीचा वार, मी रिक्षात बसत नाही,” मिल्काताई म्हणाल्या, “पण पायांनी येईन.”

आणि तिघं भर उन्हात चालत निघाली. वॉर्डात पोचल्यावर म्हातारीने मिल्काताईंचा हात जो धरला, तो जेवण संपेपर्यंत सोडला नाही. गुरुबसप्पा दारात उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “मिल्काताई, तुमची प्रार्थना मोठ्याने म्हणा. आम्हालाही ऐकू दे.”

त्यांनी म्हटली. अर्थही मराठीत सांगितला: आजाऱ्याला बळ दे, त्याला उभं कर. खाटांवरून कुणी हात जोडले, कुणी दुवा मागितली.

आता त्या गटात पन्नासएक माणसं आहेत. सुट्टीच्या दिवशी शिवपुत्रही गावाहून येतो. गेल्या महिन्यात मोहोळच्या एका दवाखान्याने विचारलं, आमच्याकडेही असा गट उभा कराल का? रविवारी मिल्काताई आणि नागम्मा एसटीत बसल्या. खिडकीच्या जागेवरून दोघींचं जुंपलं, कंडक्टर हसायला लागला.

“कुटं निघाला म्हाताऱ्या?” त्याने विचारलं.

“मोहोळ,” मिल्काताई म्हणाल्या. “दोन द्या. तिथल्या बायकांना उशाशी बसायला शिकवायचंय.”